महाराणी चिमणाबाई गायकवाड : राजपत्नीचें कर्तृत्व आणि त्याचीं साधनें

संस्थानांचा इतिहास लिहितांना राजाचें चरित्र कशाच्या आधारें लिहावें, याविषयीं फारसा वाद नसतो. सनदा, तहनामे, हुजूरचे हुकूम, दफ्तरांतील जमाखर्च, वकिलांचीं पत्रें हीं साधनें समोर असतात. राजा अल्पवयी असतां जिनें राज्य सांभाळलें त्या राजमातेचेंहि तसेंच आहे. तिच्या हातीं शिक्का असतो आणि शिक्क्याचा कागद मागें राहतो. अडचण येते ती राजपत्नीची. राजा हयात आहे, कारभार त्याच्या नांवें चालला आहे आणि ती त्याच्या शेजारीं आहे. लोक तिच्याकडे पाहतात, तिच्या नांवाच्या संस्था निघतात, तिच्या एखाद्या कृतीनें समाजांत चर्चा उठते. परंतु दफ्तरांत तिची सही शोधूं गेल्यास ती बहुधा सांपडत नाहीं. मग तिच्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत कांहीं भाग स्तुतीचा व कांहीं कुजबुजीचा असतो. त्यांतून इतिहासास उपयोगी पडेल तेवढें वेगळें काढतां येतें कीं नाहीं, हें बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या उदाहरणावरून पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यवतमाळच्या लेखकानें बडोद्याकडे कां वळावें, असें कोणी विचारील. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या हवालीं गेला. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ त खालसा झालें. त्यामुळें ज्या काळास आपण अर्वाचीन म्हणतों त्या काळांत आमच्या बाजूस सिंहासनच उरलें नाहीं, मग राजपत्नी कोठून असणार? अर्वाचीन मराठी राजपत्नीचा विचार करावयाचा तर बडोदें, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर याच दरबारांकडे पाहिलें पाहिजे. दुसरें कारण अधिक जवळचें आहे. जो १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई त्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत जुन्या कागदांचे संग्राहक वतनपत्रें, महजर आणि महानुभावी पोथ्या जिवापाड जपतात. परंतु त्याच घरांतील स्त्रियांचे कागद बांधून ठेवण्याची बुद्धि फार थोड्यांस होते. बडोद्याच्या राणीविषयीं जी अडचण, तीच लहान प्रमाणावर आमच्या घरोघरीं आहे.

राजपत्नीपदाची ही संदिग्धता आजची नव्हे. राजसूय यज्ञांत राजा ज्या रत्नींच्या घरीं जाऊन हवि देतो, त्यांत ब्राह्मणग्रंथांनीं महिषीची गणना केली आहे. म्हणजे ती राज्याचें एक अंग खरी. पण सेनानी किंवा ग्रामणी यांचें काम जसें नांवावरून समजतें, तसें तिचें समजत नाहीं. कौटिल्यानें वेतनें सांगतांना राजमहिषीस ऋत्विज, आचार्य, मंत्री, पुरोहित, सेनापति, युवराज आणि राजमाता यांच्या पंक्तीस बसवून ४८,००० पण नेमून दिले. वेतन सर्वांत वरचें. त्याबद्दल करावयाचें काम मात्र तेथें सांगितलेलें नाहीं. याच्या उलट आमच्याच विदर्भांतील वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता पाहावी. पति दुसरा रुद्रसेन वारल्यावर तिनें मुलाच्या वतीनें राज्य केलें, आणि पुणें व ऋद्धपूर या नांवांनीं ओळखले जाणारे तिचे ताम्रपट आज उपलब्ध आहेत. त्यांत वंशावळ दिली आहे तीहि तिच्या माहेरच्या गुप्तांची. विधवा होऊन राज्य हातीं आल्यावर तिचा स्वतःचा शब्द आपणांस ऐकूं येतो. रुद्रसेनाची पत्नी म्हणून ती नांदत होती त्या काळचा तिचा असा एकहि लेख पुढें ठेवतां येत नाहीं. बडोद्यांतहि प्रकार हाच. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांचें नांव १८७५ च्या दत्तविधानामुळें राज्याच्या इतिहासांत पक्कें बसलें, कारण सयाजीराव त्यांच्याच मांडीवर दत्तक बसले. चिमणाबाईंना अशा अधिकाराचा प्रसंग कधीं आला नाहीं.

साधनें पाहण्यापूर्वीं व्यक्ति निश्चित केली पाहिजे, कारण सयाजीरावांच्या दोन महाराण्या एकाच नांवाच्या होत्या. पहिली पत्नी तंजावरकडील मोहित्यांची कन्या लक्ष्मीबाई; सासरचें नांव चिमणाबाई. त्या १८८५ च्या मे महिन्यांत वारल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देवासच्या घाटगे घराण्यांतील गजराबाईंशीं महाराजांचा दुसरा विवाह झाला, आणि त्यांनाहि चिमणाबाई हेंच नांव मिळालें. बडोद्याच्या रावपुऱ्यांतील १८९६ चा चिमणाबाई मनोरा पहिल्या राणीच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचें नांवहि तिच्याच नांवावरून पडलें असें मानतात. दुसऱ्या चिमणाबाईंची थोरवी सांगतांना या वास्तु पुढें करणारे लेखक दोन व्यक्तींची एक करून टाकतात. संग्राहकांच्या हातीं एखादें छायाचित्र, पदक किंवा निमंत्रणपत्र आल्यास १८८५ ची रेघ मध्यें ओढूनच तें कोणाचें हें ठरवावें.

दुसऱ्या चिमणाबाई विवाहसमयीं सुमारें चौदा वर्षांच्या होत्या. विवाहानंतर महाराजांनीं वाड्यांतच त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि १८८७ पासून युरोपच्या प्रवासांत त्यांना बरोबर नेलें. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी झालीं. तिन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारींत वारले, बडोदें संस्थान १९४९ त मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि महाराणींचा अंत १९५८ च्या ऑगस्टांत झाला. ज्या गादीमुळें त्यांना मान होता ती गादी त्यांच्या आधीं संपली, ही गोष्ट पुढील विवेचनांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां कर्तृत्वाचा प्रश्न. स्त्रियांच्या हिताचें जें जें बडोद्यांत घडलें तें सर्व महाराणींच्या पदरांत घालण्याचा एक प्रघात पडला आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ त अमरेली तालुक्यांत सुरू झाला व १९०६ त तो राज्यभर लागू झाला. त्यांत मुलीहि होत्या. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९०४ चा. हीं कृत्यें महाराजांच्या हुकुमानें व त्यांच्या अधिकाऱ्यांच्या हातून झालीं, आणि त्यांचे कागद त्याप्रमाणें आहेत. कायदा मुलींविषयीं आहे एवढ्यावरून तो राणीनें करविला असें अनुमान काढणें म्हणजे पक्षधर्मता न तपासतां साध्य सिद्ध झालें म्हणण्यासारखें आहे. राणीनें महाराजांस सल्ला दिला नसेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शयनगृहांतील सल्ल्याचा कागद होत नाहीं, आणि ज्याचा कागद नाहीं त्याच्यावर इतिहासकारानें इमारत उभारूं नये. या नियमानें बरेंच गळून पडतें. जें उरतें त्यांत तीन गोष्टी प्रमुख आहेत : १९११ चा ग्रंथ, १९१४ ची संस्था आणि १९२७ चें अध्यक्षपद. तिन्हींवर त्यांचें स्वतःचें नांव आहे.

‘दि पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ हा ग्रंथ लंडनच्या लाँगमन्स ग्रीन कंपनीनें १९११ त प्रसिद्ध केला. कर्ते दोन : बडोद्याच्या महाराणी आणि सिद्धमोहन मित्र. मित्र हे त्या वेळीं लंडनमध्यें राहून हिंदी प्रश्नांवर लिहीत असत. ग्रंथांत युरोप, अमेरिका व जपान येथील स्त्रियांचे उद्योग, शिक्षण, परोपकाराचीं कामें व त्यांचें संघटन यांची माहिती देऊन त्यांपैकीं हिंदुस्थानास काय घेण्याजोगें आहे याचा विचार केला आहे.

राजघराण्यांतील व्यक्तीच्या नांवावर ग्रंथ दिसला कीं तो दुसऱ्यानें लिहून दिला असेल, ही शंका संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास नवी नाहीं. हर्षाच्या नाटकांविषयीं धावकाची कथा आणि भोजाच्या नांवावरील ग्रंथराशि सर्वांस माहीत आहेत. प्रस्तुत ग्रंथाविषयींहि तशी शंका घेतली जाते : मांडणी सगळी मित्रांची, महाराणींचें फक्त नांव. आमच्या मतें ही शंका येथें नीट लागू पडत नाहीं. धावकाच्या कथेंत दुसरा कर्ता लपविलेला असतो. येथें तो मुखपृष्ठावर उघड छापलेला आहे. ग्रंथ वाचतां दोन थर सहज दिसतात. अनेक देशांच्या संस्थांची माहिती गोळा करून प्रकरणवार लावणें हें लेखनाचा धंदा करणाऱ्याचें काम आहे. परंतु काय पाहावें आणि त्यांतलें काय उचलावें, ही निवड वर्षानुवर्षें परदेशीं जाऊन तेथील स्त्रियांचीं कामें पाहिलेल्या व्यक्तीची आहे. पोथीचा लेखक आणि पोथीचा कर्ता हे निराळे असूं शकतात हें आपण लेखनिकांच्या पुष्पिका वाचतांना रोज पाहतों. तोच विवेक येथें केला म्हणजे महाराणींचा वाटा न वाढवतां व न घटवतां मोजतां येतो.

ग्रंथ म्हणून त्याची योग्यता किती? संशोधन या दृष्टीनें ती मध्यमच म्हणावी लागेल. हा संग्रहग्रंथ आहे. त्याची वाट परदेशांतून स्वदेशाकडे येते. तिकडे स्त्रिया अमुक उद्योग करतात, इकडेहि कराव्यात, असा त्याचा एकंदर क्रम आहे. इकडील स्त्रिया आज काय करीत आहेत, येथून त्याचा आरंभ होत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत कापसाची वेचणी पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातांनीं झाली आहे. निंदणी, वेचणी, जिनांतील मजुरी हे स्त्रियांचे उद्योग कोणा परदेशी नमुन्यावरून येथें आलेले नाहींत. त्या मजूर स्त्रीला नव्या उद्योगाची शिकवण हवी होती, त्याहून तिला मापाची व मजुरीची खात्री हवी होती. वाड्याच्या खिडकींतून हा प्रश्न दिसणें कठीण होतें, आणि ग्रंथांत तो नीटसा आलेलाहि नाहीं.

भाषेचा मुद्दाहि येथें काढला पाहिजे. ग्रंथ इंग्रजींत. ज्यांच्या स्थितीविषयीं तो आहे त्यांपैकीं हजारांत एकीलाहि तो त्या वेळीं वाचतां आला नसता. या बाबतींत वऱ्हाडानें एक तुलना आयतीच पुरविली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ त, म्हणजे महाराणींच्या ग्रंथाच्या एकोणतीस वर्षें आधीं, मराठींत छापविला. त्यांच्यामागें राज्य नव्हतें, लंडनचा प्रकाशक नव्हता, सहकर्ता नव्हता. विचाराची धार आणि भाषेचा जोर या दोन्हींत ताराबाईंचें छोटें पुस्तक वरचढ आहे, हें आम्ही निःसंकोच सांगतों. परंतु त्याचा परिणाम काय झाला? पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ त तें पुन्हा छापीपर्यंत बहुतेक वाचकांना त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें. महाराणींचा ग्रंथ मात्र देशोदेशींच्या ग्रंथालयांत जाऊन बसला. ग्रंथाचें टिकणें त्याच्या गुणावर अवलंबून नसून कर्त्याच्या आसनावर असतें, ही कटु गोष्ट या दोन स्त्रियांच्या उदाहरणानें सिद्ध होते. संग्राहकांनीं ती विशेष ध्यानांत घ्यावी.

ग्रंथांतील विचार कृतींत उतरले काय, हें पाहण्यास १९१४ ची चिमणाबाई स्त्री उद्योगालय ही संस्था उपयोगी पडते. गरजू स्त्रियांना शिवणकाम, भरतकाम असे हस्तोद्योग शिकवून चार पैसे मिळविण्याची वाट करून देणें हा तिचा उद्देश. ग्रंथानंतर तीनच वर्षांनीं ती निघाली, यावरून १९११ चें लेखन केवळ शोभेचें नव्हतें असें म्हणण्यास आधार मिळतो. पुढें जानेवारी १९२७ त पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें, त्याच्या अध्यक्षस्थानीं चिमणाबाई होत्या. ही परिषद भरविण्यांत आयरिश विदुषी मार्गारेट कझिन्स यांचा पुढाकार होता आणि तिचा मूळ विषय स्त्रीशिक्षण हा होता. दुसऱ्या वर्षीं दिल्लीस भोपाळच्या बेगम सुलतान जहान अध्यक्ष झाल्या. हा क्रम मोठा बोधक आहे. बेगम स्वतः राज्यकर्त्या होत्या; १९२६ त मुलाच्या हातीं कारभार देईपर्यंत राज्याचा शिक्का त्यांचा होता. चिमणाबाईंच्या हातीं शिक्का कधींच नव्हता, तरी पहिल्या परिषदेनें मान त्यांना दिला. म्हणजे चौदा वर्षांची गजराबाई म्हणून वाड्यांत आलेल्या या स्त्रीनें राज्याधिकाराच्या बाहेर एक स्वतःचें वजन कमावलें होतें, याला ही परिषद साक्षी आहे.

पडद्याविषयीं स्वतंत्र बोललें पाहिजे, कारण चरित्रकारांचा सर्वांत आवडता प्रसंग तोच. महाराणींनीं पडदा टाकून दिला व त्या महाराजांशेजारीं उघड बसूं लागल्या, हें प्रसिद्ध आहे. या कृतीचें मोल ठरविण्यास इराणचें उदाहरण शेजारीं ठेवावें. तेथें रझाशाहानें ८ जानेवारी १९३६ रोजीं आपली राणी ताज-उल-मुलूक हिला मुलींसह बुरख्याविना तेहरानच्या अध्यापन विद्यालयांतील समारंभास नेलें. त्यानंतर सर्व स्त्रियांवर तीच सक्ती झाली, आणि पोलिसांनीं रस्त्यांत बायकांच्या डोक्यावरचीं वस्त्रें ओढलीं. १९४१ त रझाशाहा पदच्युत होतांच ती सक्ती ढिली पडली. त्या समारंभांत राणी होती ती हुकुमाची पताका म्हणून. बडोद्यांत पडदा न पाळणें हा महाराणींनीं स्वतः घालून दिलेला कित्ता होता. ज्यांना तो गिरवावयाचा नव्हता त्यांच्यावर जबरदस्ती झाली नाहीं. म्हणून त्याचा प्रसार सावकाश झाला. पण एकदां झालेला मागें फिरला नाहीं.

इराणचीच पुढची राणी फराह हिची कथा तर आमच्या विषयास अगदीं लागून आहे. १९६७ त तिला स्वतंत्र राज्याभिषेक झाला आणि वेळ पडल्यास तिनें राज्य सांभाळावें अशी तरतूद घटनेंत झाली. म्हणजे जो अधिकार आमच्या इकडे राजमातेस प्रसंगानें मिळे, तो तेथें राजपत्नीस आगाऊ लेखी मिळाला. परंतु तो वापरण्याची वेळ येण्यापूर्वींच जानेवारी १९७९ त राजाराणीस देश सोडावा लागला. लेखी अधिकार गेला. तिच्या पुरस्कारानें १९७७ त तेहरानांत उभें राहिलेलें आधुनिक कलेचें संग्रहालय मात्र राजवटीनंतरहि राहिलें. राजपत्नीचें मोजमाप तिच्या पदावरून करावें कीं तिनें उभारलेल्या संस्थांवरून, याचें उत्तर बडोदें आणि तेहरान दोन्ही ठिकाणीं एकच येतें.

आतां जी गोष्ट स्तुतिपर लेखक घाईनें ओलांडतात तिच्याकडे वळूं. महाराणींची एकुलती कन्या इंदिराराजे हिचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशीं ठरला होता. शिंदे तिच्याहून सोळा वर्षांनीं वडील, आणि त्यांची पहिली पत्नी हयात होती. १९११ त, म्हणजे ज्या वर्षीं आईचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, मुलीनें स्वतः शिंद्यांस पत्र लिहून तो संबंध मोडला. तिनें कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांस वरलें. आईबापांचा विरोध मावळला नाहीं, आणि १९१३ त लंडनमध्यें झालेल्या विवाहास तीं दोघेंहि हजर नव्हतीं. स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिणारी माता स्वतःच्या मुलीला सवतीवर देण्यास तयार होते, यावरून तिचें सारें लेखन ढोंगी ठरवावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या ग्रंथाचा विषय स्त्रीचा उद्योग आणि शिक्षण हा आहे. मुलीचा वर कोणीं निवडावा, या प्रश्नाला वाड्यांत कुलाचा, मानाचा आणि राज्याराज्यांतील संबंधांचा वेढा होता. परंतु झांकावें असेंहि त्यांत कांहीं नाहीं. सुधारणा कोठवर आली होती आणि कोणत्या दारापाशीं थांबली होती, हें सांगणारा याहून चांगला पुरावा नाहीं. त्यांतहि एक लक्षणीय गोष्ट अशी कीं तें दार मुलीनें उघडलें तें एका पत्रानें. आईनें तिला लिहावयास शिकविलें नसतें तर तें पत्र झालेंच नसतें.

या सर्वांचीं साधनें कशीं वाचावीत याविषयीं थोडें. रेव्हरंड वीडन यांचें १९११ चें पुस्तक पाहुण्याचें आहे. त्यांत वाड्यांतील दिनक्रम जिवंत दिसतो, पण पाहुण्याला यजमानांनीं दाखविलें तेवढेंच. स्टॅन्ले राइस यांचें १९३१ चें दोन भागांचें चरित्र महाराजांचें आहे. राणी त्यांत प्रसंगानें येते. रियासतकार सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्याच्या चाकरींत होते. त्यांच्या आठवणींस जवळिकीचें मोल आहे आणि चाकरीची मर्यादाहि आहे. नात गायत्रीदेवी यांचें १९७६ चें आत्मवृत्त कुचबिहारच्या बाजूनें लिहिलेलें आहे, म्हणून आईच्या विवाहाची हकीकत त्यांत आईच्या पक्षानें येते. पणतू फत्तेसिंहराव यांचें १९८९ चें चरित्र वाचतांना ते पहिल्या चिमणाबाईंच्या वंशांतले होत, हें विसरूं नये. यांपैकीं एकहि साधन टाकाऊ नाहीं. प्रत्येकाचा पक्ष ओळखून घेतला म्हणजे झालें.

आमचा निष्कर्ष असा. चिमणाबाई या मोठ्या ग्रंथकार नव्हत्या, आणि बडोद्याच्या कायद्यांच्या कर्त्याहि नव्हत्या. अधिकाराविना मिळालेलें स्थान त्यांनीं तीन ठिकाणीं सार्वजनिक उपयोगास लावलें, आणि तीन्ही ठिकाणीं स्वतःच्या नांवानें लावलें. एवढें म्हटल्यास पुरावा पुरतो. याहून अधिक म्हटल्यास तो उणा पडतो.

शेवटीं आमच्या जिल्ह्यांतील संग्राहकांस एक विनंति. वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, दिग्रस येथील जुन्या घरांत दफ्तरें बांधलेलीं आहेत. त्यांत सासुरवाशिणींचीं माहेरीं गेलेलीं पत्रें, हळदीकुंकवाचीं निमंत्रणें, महिलामंडळांच्या वर्गणीच्या वह्या, मुलींच्या शाळेचे दाखले, बाळंतपणाच्या खर्चाचे टिपणकागद आढळल्यास तें निरुपयोगी म्हणून रद्दींत घालूं नये. कागदावर तारीख नसेल तर ज्या बस्त्यांत तो सांपडला त्या बस्त्याचा क्रमांक मागें पेन्सिलीनें लिहावा. लेखिकेचें माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें घरांतील वृद्धांस विचारून नोंदवावीं, कारण विवाहांत नांव बदलल्यामुळें एकीच्या दोघी आणि दोघींची एक होते, हें वर बडोद्याच्या बाबतींत आपण पाहिलेंच. बडोद्याच्या महाराणीस लंडनचा प्रकाशक मिळाला म्हणून तिचा विचार आज करतां आला. आमच्या बाजूच्या बायकांस तो मिळाला नाहीं. त्यांचा इतिहास लिहितां येईल कीं नाहीं, हें त्या बस्त्यांवर आणि तीं सोडणाऱ्या हातांवर अवलंबून आहे.